चाळकेवाडीच्या सड्यावर

साल 1990, मे महिना. साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या सड्यावर तुम्ही उभे आहात. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असा हा माळ. जांभ्याचा कातळ तापलाय, गवत करपलंय, मध्येच एखादी करवंदाची जाळी. पवनचक्क्या यायला अजून अवकाश आहे.

समोरच्या दगडावर तळहातात मावेल एवढा मातकट सरडा बसलाय. दगडाचाच तुकडा समजून तुमची नजर पुढे सरकणार, तेवढ्यात तो पुढच्या पायांवर उंच होतो आणि गळ्याखालची कातडी फुलवतो. घडी घातलेला जरीचा पदर झटकन उलगडावा तशी. आधी झळाळता निळा, मग काळा, मग तांबूस नारिंगी. पुन्हा मिटतो, पुन्हा फुलवतो. विणीचा हंगाम आहे. जवळच्या गवतात मादी असेल, पण तिच्या अंगावर असला थाट नाही, त्यामुळे ती तुम्हाला दिसत नाही. 2016 साली शास्त्रज्ञ या जातीला ‘सराडा सुपर्बा’ म्हणतील. आज त्याचं नाव विचारायला इथे कुणी आलेलं नाही.

वर पाहा. पांढरीशुभ्र कापशी घार एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबलीय. गळा मिटतो, रंग नाहीसे होतात, सरडा मातीचा होऊन जातो. तुम्ही पाऊल उचलता आणि तो सुसाट धावत कपारीत शिरतो. तुम्ही अजून कितीतरी लांब होतात! मला या भित्रेपणाचं फार कौतुक वाटतं. माद्यांना दिसायचं आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेत यायचं नाही, हा हिशेब त्याला रोज, उघड्या माळावर मांडावा लागतो.

आता पंचवीस वर्षं पुढे या. तोच सडा, पण डोक्यावर अजस्र पाती घुमताहेत. आभाळात शिकारी पक्षी क्वचितच. सरडे मात्र पावलोपावली आहेत. एकाजवळ जा. आणखी जवळ. तो बसूनच राहतो. गळा फुलवतो तेव्हा निळा नि नारिंगी दोन्ही फिके.

मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी हेच मोजलं. 2018 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पात्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, पण अंगानं ते रोडावलेले होते; गर्दी वाढली की खाण्यासाठी चढाओढही वाढणारच. सरडे वाढले म्हणून माळ सुखी झाला, असं मला म्हणवत नाही. वरच्या पक्ष्यांची जागा पात्यांनी घेतली आणि त्याचा परिणाम थेट या इवल्या गळ्याच्या रंगापर्यंत पोचला.

पाती नसलेल्या पठाराकडे चालत राहा. तिथला सरडा तुम्हाला जवळ येऊच देणार नाही.