रोज नवं गाव, रोज नवं घर: फ्रान्समध्ये फिरणाऱ्या मुलांच्या गायकवृंदाची गोष्ट

फ्रान्समधल्या एखाद्या मध्यम शहरात दुपारी बस येऊन थांबते. त्यातून शाळकरी मुलं उतरतात. संध्याकाळी तीच मुलं पांढरे पायघोळ झगे घालून, गळ्यात लाकडी क्रॉस अडकवून तिथल्या चर्चमध्ये गातात. कार्यक्रम संपला की दोघं-तिघं करून गावातल्या अनोळखी घरांत झोपायला जातात. सकाळी पुन्हा बस, पुढचं शहर.

या वृंदाचं नाव ‘ले पेती शांतर आ ला क्र्वा द ब्वा’, म्हणजे लाकडी क्रॉसवाले छोटे गायक. शंभर वर्षांहून जास्त काळ त्यांचं हे असंच चाललं आहे.

सुरुवात झाली १९०६ मध्ये. पॉल बर्तिये आणि पिएर मार्तँ या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या डोक्यात कल्पना आली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मुलांना शिकवणं सुरू झालं. त्याआधी १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमधलं संगीत पुन्हा जुन्या ग्रेगोरियन गायनाकडे वळवा, असा आदेश काढला होता. त्या वाऱ्यातच हे रोपटं रुजलं. फ्रान्समधल्या मोठ्या कॅथेड्रलांचे स्वतःचे गायकवृंद असत, पण ते त्या-त्या वास्तूला बांधलेले. या मुलांना असं हक्काचं कॅथेड्रलच नव्हतं. त्यामुळे फिरणं ही त्यांच्यासाठी हौस नव्हती, तो त्यांचा मूळ धर्मच होता.

१९२४ मध्ये फादर फेर्नां माये यांनी सूत्रं हातात घेतली आणि वृंद देशाबाहेर, अगदी अमेरिकेपर्यंत पोचला. १९४५ च्या ‘ला काज ओ रोसिन्योल’ या चित्रपटात याच मुलांचे आवाज आहेत.

चर्चमध्ये गायला परवानगी कोण देतं?

इथे फ्रान्सचा कायदा मजेशीर आहे. १९०५ मध्ये धर्म आणि सरकार वेगळे झाले. त्याआधी बांधलेल्या कॅथेड्रलांची मालकी सर्वसाधारणपणे सरकारकडे आणि गावातल्या चर्चची नगरपालिकेकडे आहे. शार्त्र, रँस, आमियाँ इथली जगप्रसिद्ध कॅथेड्रलं सरकारी मालमत्ता आहेत. पण वास्तू वापरण्याचा हक्क धर्मगुरूंकडे. म्हणजे छप्पर गळलं तर दुरुस्ती सरकारने करायची, आणि मैफल ठेवायची तर संमती धर्मगुरूंची घ्यायची. स्ट्रासबूर्गच्या भागात मात्र हा कायदा लागूच नाही, कारण १९०५ मध्ये तो प्रदेश जर्मनीत होता.

परवानगी मिळाली तरी गाण्याची परीक्षा पुढेच असते. मोठ्या दगडी कॅथेड्रलमध्ये आवाज पाच-सहा सेकंद घुमत राहतो. तालमीत जमलेली लय तिथे तशीच धरली तर सूर एकमेकांवर चढतात आणि शब्द कळत नाहीत. म्हणून प्रत्येक शहरात संचालकाला वेग नव्याने ठरवावा लागतो. त्यातही दुपारच्या रिकाम्या चर्चमधला अंदाज संध्याकाळी चुकतो, कारण भरलेल्या बाकांवरची माणसं आणि त्यांचे कोट आवाज शोषून घेतात. वाद्यांची साथ नसेल तर थकलेल्या मुलांचा सूर हळूहळू उतरू लागतो, तो सांभाळणं वेगळंच.

मुक्कामाची सोय यजमान कुटुंबं करतात. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण यावी अशी ही पद्धत. हॉटेलचा खर्च वाचतो हे उघड आहे. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाने रोज नव्या घरात, नव्या पलंगावर झोपून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरात गायचं, ही मागणी लहान नाही. शिवाय शाळाही असतेच. दौरा आणि वर्ग यांची सांगड घालूनच या मुलांचं वर्ष आखलं जातं.

आवाज फुटतो तेव्हा

अशा वृंदाची खरी अडचण पैसा नाही, वेळ आहे. साधारण तेरा-चौदाव्या वर्षी स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली घसरतो. मुलाला तयार करायला दोन-तीन वर्षं जातात आणि तो एकट्याने गाण्याइतका पक्का होतो, तेव्हा हातात जेमतेम एखाद-दोन वर्षं उरतात. दौऱ्याच्या मध्येच मुख्य गायकाचा आवाज फुटू शकतो. म्हणून त्याच्या मागे दुसरा मुलगा तयार ठेवावाच लागतो.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण दुसऱ्या वृंदातलं आहे. १९४५ च्या त्या चित्रपटावरून २००४ मध्ये क्रिस्तॉफ बारातिए यांनी ‘ले कोरिस्त’ काढला. फ्रान्समध्ये तो ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. त्यात गायली ती लियों शहरातल्या ‘पेती शांतर द सँ-मार्क’ची मुलं, आणि मुख्य आवाज होता झाँ-बाप्तिस्त मोनिए याचा. चित्रीकरणाच्या वेळी, २००३ मध्ये, तो १२ वर्षांचा होता. चित्रपट गाजल्यावर वृंदाला मैफलींची निमंत्रणं येऊ लागली. लोकांना पडद्यावरचाच आवाज ऐकायचा होता. मोनिए मात्र तोवर वयात येत होता. पुढे तो अभिनेता झाला, गाणंही त्याने सोडलं नाही, पण ते मोठ्या माणसाच्या आवाजात. सँ-मार्कच्या पहिल्या रांगेत त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला.