कारण न सापडलेला मेंदूतील रक्तस्राव

एकाएकी उठून काही क्षणांतच पराकोटीला पोहोचणारी डोकेदुखी, त्यापाठोपाठ उलट्या, ताठरलेली मान आणि कधी हरपलेली शुद्ध ही मेंदूच्या आवरणांमधील रक्तस्रावाची लक्षणे होत. अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात हलविणे अत्यावश्यक असते. मेंदूचे मधले व आतले आवरण यांच्यामधील द्रवाने भरलेल्या पोकळीत हे रक्त उतरते. डोक्याला मार लागलेला नसल्यास सुमारे ८५ टक्के रुग्णांत धमनीच्या भिंतीवरील फुगा फुटल्याने असे घडते. तो वेळीच बंद न केल्यास पुन्हा फुटण्याचा व मृत्यूचा धोका मोठा असतो. उरलेल्या सुमारे १५ टक्के रुग्णांत मात्र अँजिओग्राफीत फुगा दिसत नाही.

‘कारण सापडले नाही’ या शब्दांचा कुटुंबीय धसका घेतात. वस्तुतः अनेकदा ते शुभवर्तमान असते. प्रश्न असतो तो रक्त कोठे साचले आहे याचा. नेदरलँड्समधील युट्रेक्ट येथील मेंदूविकारतज्ज्ञ यान व्हॅन खाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये यातील एक सौम्य प्रकार वेगळा ओळखला. त्यात रक्त मेंदूच्या मध्यभागी, मस्तिष्कस्तंभाच्या पुढील बाजूस मर्यादित राहते. ते धमनीऐवजी शिरेतून झिरपत असावे, असा एक तर्क आहे. या रुग्णांना पुन्हा रक्तस्राव जवळजवळ कधीच होत नाही आणि त्यांचे आयुर्मानही इतरांइतकेच असते. मात्र हे निदान पहिल्या दोन-तीन दिवसांतील सीटी स्कॅनवरच भरवशाचे ठरते. पुढे रक्त विरून खुणा पुसट होतात. मेंदूच्या मागील धमन्यांवरील फुगाही क्वचित असेच चित्र निर्माण करतो. त्यामुळे अँजिओग्राफी टाळता येत नाही.

रक्त सर्वत्र पसरलेले असेल तर दक्षता वाढवावी लागते. रक्ताच्या गुठळीमुळे किंवा धमनी आकुंचन पावल्यामुळे लहानसा फुगा पहिल्या तपासणीत लपून राहू शकतो. म्हणून काही दिवसांनी अँजिओग्राफी पुन्हा केली जाते आणि थोड्या रुग्णांत तेव्हा फुगा आढळतोही. मेंदूत पाणी साचणे, धमन्या आकुंचन पावून रक्तपुरवठा खुंटणे या गुंतागुंतीही या गटात अधिक असतात.

सौम्य प्रकारातील रुग्ण बहुधा पूर्ववत कामावर परततात. थकवा, डोकेदुखी, विस्मरण यांच्या तक्रारी मात्र काही महिने रेंगाळू शकतात. ‘जड उचलू नको, जिना चढू नको’ असा घरच्यांचा कायमचा पहारा त्यांच्याभोवती बसतो; वैद्यकशास्त्र या रुग्णांवर तसे आजन्म निर्बंध घालत नाही.