गॅरी : पोलादावर उभे राहिलेले शहर
मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावरील वाळूच्या टेकड्या सपाट करून ‘युनायटेड स्टेट्स स्टील’ कंपनीने १९०६ मध्ये इंडियाना राज्यात गॅरी शहर वसवले आणि त्याला आपले अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचे नाव दिले. १९६० मध्ये १,७८,३२० असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ६९,०९३ वर आली. कारखाना बंद पडल्याने शहर उजाड झाले, हा समज खरा नाही. कारखाना चालूच राहिला, परंतु यांत्रिकीकरणामुळे आणि परदेशी पोलादाच्या स्पर्धेमुळे कामगार पूर्वीपेक्षा खूपच कमी उरले, तर १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आल्यावर गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे होणारे स्थलांतर वाढले आणि महापालिकेचा कराचा पाया खचला. या घसरणीत, कंपनीच्याच मोठ्या देणगीच्या आधारे १९२६ मध्ये उभारलेले सिटी मेथडिस्ट चर्च १९७५ मध्ये बंद झाले. छप्पर ढासळलेल्या त्याच्या प्रार्थनागृहात आता झाडे उगवली आहेत. शहराच्या या पडझडीचा दोष रहिवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.