मुंबईहून गेलेला निबंध



शास्त्रज्ञाने शोध लावला की तो जगाला कळतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु शोध आणि जग यांच्यामध्ये एक दार असते व त्या दाराशी नियतकालिकाचा संपादक बसलेला असतो. हाती आलेला निबंध तो त्या विषयातील जाणत्यांकडे धाडतो, त्यांचे अभिप्राय मागवतो आणि मग तो छापावयाचा की परत करावयाचा, हे ठरवतो. शास्त्रीय जगात ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. तिच्यात न्याय कशाने येतो आणि अन्याय कोठून शिरतो, हे मुंबईशी संबंध असलेल्या एका जुन्या प्रकरणावरून चांगले उमगते.

लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ च्या मार्च महिन्यात ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. काय छापावे, हे त्या वेळी बहुतांशी ते स्वतःच ठरवीत. १७५२ साली सोसायटीने हे काम आपल्याकडे घेतले आणि निवडीसाठी समिती नेमली. पुढे १८३२ च्या सुमारास जाणकारांकडून लेखी अभिप्राय घेण्याचा प्रघात पडला. आरंभीचाच एक निबंध ज्योतिर्विद एअरी यांचा होता. तो विल्यम व्हीवेल आणि जॉन लबक या दोघांकडे गेला. निबंधाचे महत्त्व लोकांना सांगावे, असे व्हीवेल यांचे मत. तर बारकाईने तपासून दोष दाखवावेत, असा लबक यांचा आग्रह. अखेर व्हीवेल यांच्या मताप्रमाणे झाले. एकच लेखन दोन विद्वानांना दोन प्रकारे दिसते, हा धडा असा प्रारंभीच मिळाला होता.

आता मुंबईकडे वळू. जॉन जेम्स वॉटरस्टन हे एडिंबरोचे गृहस्थ १८३९ मध्ये मुंबईस आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील उमेदवारांना शिकवणे ही त्यांची नोकरी. विलायतेतील विद्वन्मंडळापासून ते हजारो मैल दूर होते; टपालास आठवडेच्या आठवडे लागत. अशा एकांतात त्यांनी वायूंच्या स्वरूपाविषयी एक दीर्घ निबंध सिद्ध केला आणि १८४५ च्या अखेरीस तो रॉयल सोसायटीकडे पाठवला. वायूतील असंख्य रेणू अखंड धावत आणि एकमेकांवर आदळत असतात, उष्णता म्हणजे त्यांच्या गतीचीच शक्ती होय, हा त्यातील मूळ विचार. भिन्न वायूंचे मिश्रण असले, तर जड रेणू सावकाश व हलके वेगाने धावतात. परंतु प्रत्येकाच्या गतीतील सरासरी ऊर्जा सारखीच असते, असेही त्यांनी गणिताने मांडले होते.

१८४६ च्या मार्चमध्ये निबंध सोसायटीत वाचला गेला व परीक्षणास गेला. एक परीक्षक ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल, बालवीर चळवळीच्या संस्थापकाचे वडील. निबंधाचे मूळ गृहीतच त्यांना मान्य होण्यासारखे वाटले नाही. दुसरे तेच लबक. त्यांनी तर निबंध निव्वळ अर्थहीन असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही योग्यतेचा नाही, असा शेरा मारला. एक त्रोटक सारांश छापून मूळ निबंध दप्तरात गेला. एकदा सोसायटीपुढे वाचलेला निबंध लेखकास परत मिळत नसे, आणि वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती. आपली विद्या त्यांनी आपल्याच हातांनी बंदिस्त करून दिल्यासारखे झाले!

पुढील काही वर्षांत क्लॉझियस आणि मॅक्सवेल यांनी हाच विषय स्वतंत्रपणे मांडला आणि कीर्ती त्यांची झाली. वॉटरस्टन १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतले. विद्वत्सभांचे नाव निघाले की त्यांचा संताप होई, अशी त्यांच्या आप्तांची आठवण आहे. १८८३ च्या जूनमध्ये एके दिवशी ते घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले या थोर शास्त्रज्ञाच्या नजरेस वॉटरस्टन यांच्या एका जुन्या लेखातील उल्लेख पडला. रॅले तेव्हा सोसायटीचे चिटणीस होते. त्यांनी दप्तरातून निबंध शोधून काढला आणि १८९२ मध्ये आपल्या प्रस्तावनेसह छापवला. या दिरंगाईने शास्त्राची दहापंधरा वर्षे वाया गेली, असे त्यांनी लिहिले.

मात्र त्याच प्रस्तावनेत रॅले यांनी अपरिचित लेखकांना सुचवले की, आधी लहान कामाने नाव मिळवावे आणि मगच मोठ्या कल्पना विद्वत्सभेपुढे न्याव्यात. उमेदवाराला हा उपदेश व्यवहाराचा वाटेल. संपादकाला तो शोभणारा नाही. नाव पाहून तागडी झुकू लागली, तर परीक्षण हवेच कशाला? शिवाय वॉटरस्टन यांच्या निबंधात वायूंच्या उष्णताधारणेच्या गणितात एक चूक खरोखरच होती. ती दाखवून निबंध दुरुस्तीसाठी धाडता आला असता. ‘अर्थहीन’ या शब्दाने मात्र लेखकालाही काही शिकवले नाही आणि शास्त्रालाही काही दिले नाही.

याच्या अगदी उलट प्रसंग १९३६ सालचा आहे. आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाकडे एक निबंध पाठवला. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. संपादक जॉन टेट यांनी आइन्स्टाइन हे नाव पाहूनही निबंध परीक्षकाकडे धाडला आणि दहा पानांचा अभिप्राय लेखकांकडे परत केला. आइन्स्टाइन संतापले, न विचारता निबंध दुसऱ्यास दाखवला म्हणून त्यांनी तो मागे घेतला. पण दोष खराच होता. १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात तो निबंध आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. परीक्षक होते प्राध्यापक रॉबर्टसन, ही गोष्ट नियतकालिकाच्या नोंदवहीवरून २००५ मध्ये उघड झाली. जवळजवळ सत्तर वर्षे ते नाव गुप्त राहिले! आणि त्या लहरींचा प्रत्यक्ष वेध २०१५ मध्ये लागला.

दोन्ही परीक्षणे विद्वानांनीच केली होती. मग फरक कोठे पडला? दुसऱ्या वेळी आक्षेप कारणांसह लिहिला गेला, तो लेखकाच्या हाती पोहोचला, आणि निबंध त्याचा त्याच्याकडे राहिला. म्हणूनच त्याला दुसरे दार ठोठावता आले आणि चूकही सुधारता आली. आज संपादक परीक्षकाला त्याचा लेखकाशी काही हितसंबंध किंवा वैर आहे काय, हे आधी विचारतात. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव झाकून ठेवतात. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोयही ठेवतात. १९९७ पासून ब्रिटनमध्ये अशा नीतिनियमांसाठी संपादकांची एक समितीही काम करीत आहे.

नियम कितीही केले, तरी परीक्षक माणूसच असतो, तो चुकणार. संपादकाचे कर्तव्य एवढेच की, त्या चुकीवर इलाज करण्यास लेखकाच्या हाती काही उरावे. नकार कोणालाही मिळू शकतो. परंतु कारण न सांगता दिलेला आणि लेखकाचे कागदही अडकवून ठेवणारा नकार हा न्याय नव्हे. मुंबईच्या त्या शिक्षकाला ४५ वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली, आणि दार उघडले तेव्हा आत येण्यास तो जिवंत नव्हता.