थांबलेल्या चाकांचा उजेड

#थ्रेड
१/ रात्रीच्या पॅसेंजरने प्रवास केलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. गाडी आडगावच्या स्थानकात बराच वेळ खोळंबली की डब्यातले दिवे मलूल होत आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा उजळत. मोटारीमागे ट्रेलरचे फिरते घर जोडून हिंडणाऱ्या अमेरिकन कुटुंबालाही हाच अनुभव येतो. तेथे दोष चटकन बॅटरीला दिला जातो. खरा दोष मात्र अनेकदा तिच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असतो, आणि ही गोष्ट रेल्वेच्या अभियंत्यांना एकोणिसाव्या शतकातच उमगली होती.

२/ १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवले आणि पुनःपुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी सिद्ध केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची क्षमता वाढवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडन-ब्रायटन मार्गावरील एका पुलमन डब्यात फोरच्या बॅटऱ्यांवर विजेचे दिवे लागले.

३/ कौतुक पुष्कळ झाले. पण त्या बॅटऱ्या डब्याबाहेर भरून घ्याव्या लागत. घर चालते, पण वीज मुक्कामावरच मिळते, ही अडचण येथूनच सुरू होते.

४/ १८९० च्या दशकात लंडनच्या डेप्टफर्ड भागातील जे. स्टोन अँड कंपनीने डब्याखाली डायनामो टांगला आणि तो पट्ट्याने आसाला जोडला. आता दोन पेच उभे राहिले. गाडी वेगात असताना दाब फार वाढे. यावर उपाय असा की डायनामो झुलता टांगायचा. ठरावीक वेगापुढे पट्टाच घसरतो आणि डायनामोची गती मर्यादेत राहते. पट्टा घसरणे हा एरवी बिघाड. स्टोनच्या रचनेत तोच नियंत्रक! दुसरा पेच अधिक घातक होता. गाडी मंदावली की बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहू लागे. म्हणून वेगावर चालणारी एक कळ बसवली. पुरेशी गती नसेल तर ती डायनामोचा संबंधच तोडी. आपल्याकडील जुन्या डब्यांखालीही आसावर चालणारे असे डायनामो असत.

५/ पुढे हीच विद्या रस्त्यावर आली. १९३६ चा 'एअरस्ट्रीम क्लिपर' हा ट्रेलर स्वतःचा पाणीसाठा आणि विजेचे दिवे घेऊन फिरे. ट्रेलरला स्वतःचा डायनामो नसेल, तर चालत्या मोटारीचे इंजिनच लांब तारेवाटे त्याची बॅटरी भरते. स्टोनच्या कळीची जागा येथे रिले घेतो. इंजिन बंद झाले की त्याने दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या केल्या पाहिजेत; तो चिकटून बसला तर रात्रभर ट्रेलरमधले दिवे मोटारीची बॅटरीही रिकामी करतात आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही.

६/ आता त्या तारेचा हिशेब. अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार, जाऊन-येऊन २० मीटर, प्रवाह १० अँपिअर: वाटेतच सुमारे १.४ व्होल्ट गळतात. मोटारीकडून निघालेले १४.२ व्होल्ट बॅटरीपाशी १२.८ होतात. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीतच १२.६ च्या आसपास असते. मग भरण्यासाठी उरते काय? प्रवाह रोडावतो आणि दिवसभराच्या प्रवासानंतरही बॅटरी अर्धपोटी राहते. त्यात प्लगची पिन गंजलेली असेल, किंवा परतीची तार तुटून वीज जोडणीच्या गंजक्या लोखंडातून वाट काढत असेल, तर गळती आणखी वाढते.

७/ अशी अर्धपोटी बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की पत्र्यांवरचे लेड सल्फेट कठीण स्फटिकांत गोठते आणि ती खरोखरच निकामी होते. तेव्हा नवी घेण्याआधी इंजिन चालू ठेवून, ट्रेलरमधले दोन-चार दिवे लावून व्होल्टमीटर दोन ठिकाणी लावावा: मोटारीच्या बॅटरीवर आणि ट्रेलरच्या बॅटरीवर. आकड्यांत मोठी तफावत आढळली, तर शोध रिले, प्लग आणि तारेपासून सुरू करावा.