पहिले महायुद्ध : कारणे, परिणाम आणि महार पलटण

२८ जून १९१४ रोजी साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली आणि महिनाभरात युरोप युद्धात ओढला गेला. हत्या हे निमित्त होते. वसाहतींसाठीची चढाओढ, शस्त्रस्पर्धा, परस्परांतील लष्करी करार आणि आक्रमक राष्ट्रवाद ही मूळ कारणे होत. युद्धाने चार साम्राज्ये मोडली. १९१९ च्या व्हर्साय तहातील जाचक अटींनी जर्मनीत सूडाची भावना पेरली.

भारतातून दहा लाखांहून अधिक सैनिक आणि मजूर परदेशी गेले. महारांची लष्करभरती बंद करणाऱ्या ब्रिटिशांनीच गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली. युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. गरजेपुरती दिलेली संधी गरज संपताच काढून घेतली जाते. म्हणूनच आम्ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने मिळणारा हक्क मागतो.