वऱ्हाडच्या खाणावळी

अमरावतीच्या राजकमल चौकातून सायंकाळी पायी निघावे, अंबादेवीच्या बाजूने एक फेरी मारावी, आणि कडकडून भूक लागली म्हणजे वाटेतल्या एखाद्या साध्या खाणावळीत शिरावे, हा आमचा जुना शिरस्ता आहे. नाव मोठे नसले तरी चालते. चुलीजवळ गर्दी असली म्हणजे पुरे. स्टीलच्या ताटात तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर येते. वांग्याच्या भाजीवर तांबडीलाल तर्री तरंगत असते. लसणाची फोडणी दिलेले वरण, वाटीभर भात, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा एवढे सारे पुढ्यात आले की काही वेळ बोलणे आपोआप थांबते. "भाऊ, भाकर आणू का आणखी?" असे वाढणारा मुलगा विचारतो तेव्हा नाही म्हणण्याचे धैर्य आम्हांला आजवर झालेले नाही. अकोल्यास टिळक रोडच्या परिसरातही आम्ही असेच तृप्त झालो आहोत. दोन्ही शहरांत तिखट किती असावे याविषयी मतभेद आहेत. ते कमी असावे असे मात्र कोणत्याच शहरात कोणी म्हणत नाही.

अशा ठिकाणी आमच्या शेजारच्या खुर्चीवर कधी एस. टी. चा वाहक असतो, कधी कापसाचा अडत्या, तर कधी परीक्षेला आलेला खेड्यातला विद्यार्थी. मिठाची वाटी पुढे सरकवताना कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिला काही इतिहास असेल असे चटकन मनात येत नाही. इतिहास आहे, आणि तो या दोन शहरांच्या कापसाहून कितीतरी तरुण आहे.

अमरावती मोठी झाली ती कापसाच्या व्यापारावर. १८०७ साली निजामाच्या अमलात शहराभोवती परकोट उभारण्यास प्रारंभ झाला, तो पेंढाऱ्यांपासून व्यापारपेठेचे रक्षण व्हावे म्हणून. त्या काळी येथला कापूस बैलांच्या पाठीवरून दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याला अकस्मात भाव आला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला थेट त्या मार्गावर आले. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. गाडीबरोबर माणसे आली. मारवाडी आणि गुजराती व्यापारी, त्यांचे मुनीम, जिनिंग-प्रेसिंगचे मिस्त्री, कचेऱ्यांतले कारकून, वकील. यांतले बहुतेक प्रथम एकटेच आले. कुटुंब गावी आणि आपण बाजारात, अशा माणसाला दोन वेळ कोणी जेवू घालावे, या अडचणीतून येथली खाणावळ जन्मली.

ती सर्वांसाठी मात्र नव्हती. मारवाडी पेढीवरील मंडळींसाठी 'बासा' असे, तेथे आपल्याच लोकांचे जेवण आपलाच महाराज रांधी. कारकून-वकिलांसाठी ब्राह्मणी खाणावळ; तिथे पाट मांडून पंगत बसे आणि येणाऱ्याची जात ठाऊक असल्याखेरीज पान मांडले जात नसे. मुसलमान वस्तीत नान-रोटीच्या निराळ्या खानावळी होत्या. आणि ज्याच्या कापसावर हा सारा डोलारा उभा, तो शेतकरी? तो रात्रभर बंडी हाकून बाजारात येई, बैल सोडी, आणि बंडीच्या सावलीत बसून घरून आणलेल्या शिदोरीची गाठ सोडी. भाकर, चून, कांदा, मिरची. बाजार त्याचा, पण बाजारातले ताट त्याचे नव्हते.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या सोवळ्याच्या शास्त्रात पाण्यात शिजवलेले अन्न आणि तुपा-तेलात तळलेले अन्न यांत मोठा भेद असे. भात, वरण, भाकर हे परजातीच्या हातचे चालत नसे; पुरी, शेव, जिलेबी, मिठाई मात्र हलवायाच्या दुकानातून बिनदिक्कत घेता येई. परिणामी भर बाजारात, अनेकांसाठी एकाच कढईतून, प्रथम जे निघू लागले ते तळलेले होते. जेवणाचे ताट फार मागून आले. वऱ्हाडी माणूस आजही आलुबोंडा, भजी, कचोरी यांवर जो जीव टाकतो, त्याच्या मुळाशी थोडे हे शास्त्र असावे असा आमचा तर्क आहे. अमरावतीचा गिला वडा, म्हणजे दह्यात भिजलेला आणि चटण्यांनी माखलेला तो मऊ वडा, सायंकाळी गाडीभोवती उभे राहून खाताना असल्या तर्कास वेळ नसतो हेही कबूल केले पाहिजे.

पुढे विसाव्या शतकात चहा आला आणि चहाबरोबर 'हॉटेल' आले. मराठीत हॉटेल म्हणजे उतरण्याची जागा नव्हे. बाकडे, भट्टी आणि कपबशी असली की हॉटेल झाले. याच कपबशीने पंक्तिभेदाचा प्रश्न उघड्यावर आणला. आगगाडीच्या स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होतेच. अस्पृश्य मानलेल्या माणसाला तर हॉटेलच्या आत पाऊलच नव्हते. त्याने बाहेर उभे राहायचे, त्याच्यासाठी वळचणीला ठेवलेला फुटका कप स्वतः उचलायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, कप विसळून परत तेथेच ठेवायचा आणि पैसे मात्र पुरे मोजायचे. दाम एक आणि जागा दोन, असा हा हिशेब होता.

त्याविरुद्धचा आवाज वऱ्हाडात प्रथम देवळाच्या आणि पाण्याच्या निमित्ताने उठला. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा हा तिचा मुख्य विषय होता. त्याच सुमारास डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय उघडले, आणि १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. देऊळ आणि विहीर यांच्या कथा पुस्तकांत नीट नोंदल्या गेल्या आहेत. हॉटेलच्या उंबरठ्याची कथा तितकी कोणी लिहिली नाही. पण देवळात माणूस सणावारी जातो, भूक मात्र दररोज लागते.

या संदर्भात गाडगे महाराजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे जन्मलेला हा परीट समाजातला माणूस हाती झाडू आणि खापर घेऊन गावोगाव हिंडला. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे आंधळ्या-पांगळ्यांना, गोरगरिबांना पोटभर जेवू घालण्याचा क्रम त्यांनी चालविला. कीर्तनांतून शिवाशिवीवर त्यांनी जो प्रहार केला तो वऱ्हाडी बोलीत, समोरच्यालाच प्रश्न विचारीत विचारीत. स्वतः मात्र ते भाकरतुकडा खापरात घेऊन बाजूला बसून खात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे, आणि त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवरच शहरातल्या कितीतरी खाणावळी चालतात.

कायदाही आला. १९४७ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळाने अनुसूचित जातींवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणासही मज्जाव करता येत नाही. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आणखी एक पायरी खाली उतरला: उपाहारगृहातली भांडी वापरू न देणे हाच त्याने गुन्हा ठरविला. देशाच्या कायद्याला कपबशीपर्यंत यावे लागले, याचा अभिमान बाळगावा की खेद, हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही. कायद्याने फुटका कप एका दिवसात नाहीसा झाला नाही. शहरात तो लवकर गेला, कारण गर्दीत जात ओळखू येत नाही आणि गिऱ्हाईक परतवणे धंद्याला परवडत नाही. फाट्यावरच्या लहान हॉटेलांत तो पुष्कळ काळ टिकला.

फाळणीनंतर आणखी माणसे आली. अमरावतीची रामपुरी कॅम्प आणि अकोल्याची सिंधी कॅम्प ही निर्वासितांची वस्ती. सर्वस्व गमावून आलेल्यांनी ज्या धंद्यांत हात घातला त्यांत खाद्यपदार्थांचा धंदा होता. पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने शेगावच्या स्थानकावर सुरू केलेली कचोरी आज सर्वांच्या तोंडी आहे. पुढे उडुपी मंडळींचा इडली-डोसा आला, महामार्गावर पंजाबी ढाबे आले, दाल फ्राय आणि पनीर आले. ताट आता सर्वांसाठी मांडले गेले. पण त्या ताटात वऱ्हाड कुठे होता? भाकर, चून, अंबाडीची भाजी, कळण्याची भाकर, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे हे सारे घरचे, शेतातले, काहीसे दारिद्र्याचे मानले गेले. हॉटेलात जाऊन भाकर कोण मागणार, पाहुणे हसतील, अशी भीती आमच्या तरुणपणी खरोखरच होती.

ज्वारीने मग बरेच दिवस पाहिले. १९६४ साली सी. एस. एच. १ हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण जुन्या ज्वारीच्या भाकरीची चव त्यात नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येई. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. रेशनवर गहू आला आणि पोळी प्रतिष्ठेची झाली. नव्वदीनंतर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटत गेली. आणि नेमके याच काळात, शेतातून ती उणावत असता, 'अस्सल वऱ्हाडी जेवण', 'चुलीवरची भाकर' अशा पाट्या हॉटेलांवर झळकू लागल्या. रोडगे आता टेबलावर मिळतात. ज्या शेतकऱ्याने बंडीखाली बसून भाकर खाल्ली, त्याचा नातू ती पैसे मोजून खातो आणि घरी सोयाबीन विकून गहू विकत आणतो.

१९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. ती योजना काही वर्षांतच गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. अशा योजनांविषयी हेटाळणीने बोलणे सोपे असते. उपाशी माणसाला मात्र त्या रांगेत उभे राहणे सोपे वाटते, कारण तेथे कोणी कारण विचारीत नाही. आमच्या मते याहून मोठे काम घरगुती मेस चालविणाऱ्या बायकांनी केले आहे. मुंबईत १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. वऱ्हाडात तशी मोठी संघटना आमच्या पाहण्यात आली नाही, पण महाविद्यालयांच्या आसपासच्या गल्ल्यांतून डबा देणाऱ्या, दहा-बारा मुलांना आपल्या स्वयंपाकघरातच जेवू घालणाऱ्या गृहिणी दोन्ही शहरांत आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या आरंभीच अमरावती आणि अकोला बंद झाले, मुले गावी परतली आणि त्या चुली विझल्या. काही पुन्हा पेटल्या. काही नाही.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही अकोल्यास राहतात. बालपणी त्यांनी वळचणीचा कप विसळलेला आहे. पुढे शिकून ते चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. महिन्यातून एकदा आम्ही त्यांच्यासोबत जेवायला जातो. भाकर कुसकरून वरणात घालण्याची त्यांची पद्धत आणि ठेच्यावर कच्चे तेल ओतून घेण्याचा आग्रह पाहण्यासारखा असतो. मालक त्यांना काका म्हणतो, आत पंख्याखालचे टेबल रिकामे आहे असे प्रत्येक वेळी सांगतो. काका प्रत्येक वेळी दाराजवळचे टेबल घेतात. आम्ही एकदा कारण विचारले, तर म्हणाले, येथे हवा चांगली येते.